ऑपरेशननंतर मुलाचं दुखणं आणि ऑक्सिजन: घरी लक्ष कसं ठेवावं

पोटाचं ऑपरेशन झालेलं मूल दुखतं म्हणून श्वास अर्धाच घेतं, खोकला दाबून धरतं. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही आणि ऑक्सिजन उतरतो. उलट मॉर्फिनच्या जातीचं तीव्र वेदनाशामक औषध जास्त झालं, तर श्वासच मंदावतो. त्यामुळे दुखणं आणि श्वास एकाच वेळी बघायचे.

पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवरच द्या, रडण्याची वाट बघू नका. कमरेत बधिरतेचं इंजेक्शन दिलं असेल तर मूल सुरुवातीला छान खेळतं आणि औषध राहून जातं. काही तासांनी बधिरता उतरली की एकदम कळवळतं. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 6 तास, 24 तासांत जास्तीत जास्त चार वेळा.

घोळ होतो तो बाटलीत. सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचंही असतं आणि 250चंही. 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम हवं: पहिल्यातलं 7.5 मिली, दुसऱ्यातलं 3.6. पहिलीच्या जागी दुसरी बाटली आली आणि माप तेच राहिलं, तर डोस दुपटीवर जातो. चमचा नको, सिरिंजनेच मोजा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, तेही धरा.

आयबुप्रोफेन सर्जनना विचारूनच. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते किडनीला जड जातं. ॲस्पिरिन देऊ नका. 12 वर्षांखाली कोडीन आणि ट्रामाडॉल ही मॉर्फिनच्या जातीची औषधंही नकोत. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं. टॉन्सिल काढलेल्या मुलांचे त्यात मृत्यू झाले, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने 2013 मध्ये कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये 12 वर्षांखाली दोन्ही औषधं वर्ज्य ठरवली.

ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश पुसा, गार बोट चोळून गरम करा. मोठ्यांची क्लिप चिमुकल्या बोटावर सैल बसते, अंगठ्याला लावून बघा. हात हलू न देता मिनिटभर थांबा. आकडा विचित्र वाटला तर मनगटावर नाडी मोजा. मशीनवरच्या नाडीशी जुळली नाही, तर तो ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. ऑक्सिजन 95 टक्के किंवा वर असेल तर ठीक. 92 च्या खाली टिकून राहिला तर लगेच हॉस्पिटल गाठा.

झोपेत मात्र मशीनवर विसंबू नका. पोटाची हालचाल बघत पूर्ण 60 सेकंद श्वास मोजा. श्वास फार संथ झाला, घोरता घोरता मध्येच थांबला, ओठ निळसर पडले किंवा हाक मारून, हलवूनही मूल जागं होईना, तर आकडा कितीही चांगला असो, पुढचा डोस देऊ नका आणि अँब्युलन्स बोलवा.