उपक्रम भरपूर, तरी करिअरची वाट धूसर? या चुका टाळा

"नाटक केलं, वादविवाद केले, महोत्सवाच्या समितीत होतो. तरी मुलाखतीत स्वतःबद्दल काय सांगावं ते सुचत नाही." शेवटच्या वर्षाला ही तक्रार हमखास ऐकू येते. उपक्रम वाया गेलेले नसतात. ते करताना स्वतःकडे लक्ष गेलेलं नसतं, इतकंच.

कामाचं जग बदललं तरी त्याच्याशी जुळवून घेता येणं, याला मानसशास्त्रज्ञ मार्क साविकस यांनी १९९७ मध्ये 'करिअर अनुकूलनक्षमता' म्हटलं. पुढे १३ देशांतल्या संशोधकांनी मिळून २४ विधानांची मोजपट्टी तयार केली. ती चार गोष्टी तपासते: पुढचा विचार, निर्णयांवरचा ताबा, कुतूहल आणि आत्मविश्वास. यातली एकही नुसत्या प्रमाणपत्रातून येत नाही.

पहिली चूक म्हणजे दिसेल तिथे नाव घालणं. पाच मंडळांच्या याद्यांत नाव असतं, जबाबदारी एकाही ठिकाणी नसते. आत्मविश्वास मुख्यतः अवघड काम स्वतः पार पाडल्याने वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. स्वतःला विचारा, मी नसतो तर काय अडलं असतं? उत्तर 'काहीच नाही' असेल तर तिथून बाहेर पडा. मित्र नाराज होतील म्हणून थांबणारे बरेच असतात. निर्णयांवरचा ताबा सुटतो तो इथेच.

सर्वात महाग पडते ती वेळेच्या अंदाजाची चूक. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५! म्हणजे वाईटातला वाईट अंदाजसुद्धा तोकडा पडला. त्यामुळे 'तालीम आठवड्याभरात उरकेल' हे स्वतःचं म्हणणं फारसं मनावर घेऊ नका. मागच्या वेळी किती दिवस लागले ते आठवा आणि तोच आकडा धरा. परीक्षा आणि कार्यक्रम एकाच आठवड्यात आले, तर 'जमेल तसा अभ्यास करीन' हा बेत टिकत नाही. 'तालीम संपली की थेट वाचनालयात, तासभर' असा वेळ आणि जागा ठरवलेला बेत टिकण्याची शक्यता जास्त.

तिसरी चूक चांगल्या कार्यकर्त्यांकडून होते. ज्याला प्रकाशयोजना जमते त्याच्याकडे सगळी वर्षं तेच काम येतं. एकदा हिशेब सांभाळा, एकदा पाहुण्यांशी पत्रव्यवहार करा. कुतूहल असंच जागं राहतं.

आणि कार्यक्रम संपला, फोटो टाकले, विषय संपला, असं करू नका. त्याच रात्री पाच ओळी लिहा: काय ठरलं होतं, काय बिघडलं, मी काय केलं, कशाचा कंटाळा आला, कशात वेळेचं भान राहिलं नाही. शेवटच्या दोन ओळी करिअर निवडताना सर्वात उपयोगी पडतात.

शेवटचं वर्ष सुरू झालंच असेल तर नवा उपक्रम घेऊ नका. जुन्यांपैकी दोनच निवडा, त्या वेळच्या सहकाऱ्यांना गाठा आणि राहिलेल्या पाच ओळी आता लिहून काढा.