पीसी चालू पण स्क्रीन काळी? ग्राफिक्स कार्ड टाकून द्यायच्या आधी हे करा

पंखे फिरतायत, लाईट लागतेय आणि मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल', तर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारा भाग, गेलंच समजून लगेच रत्नागिरीहून पुण्याला धाडू नका. आधी केबल बघा, ती मदरबोर्डच्या (पीसीच्या मुख्य बोर्डाच्या) नाही, कार्डाच्या पोर्टात हवी, यात भलेभले फसतात. मग पॉवर. मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून, म्हणजे स्लॉटमधून, ७५ वॉटच मिळतात म्हणून मोठ्या कार्डाला ६ किंवा ८ पिनची वायर वेगळी लागते, ती खटकन बसली पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्यावरचं खास दुखणं, खारी दमट हवा. माझं कार्ड गेल्या श्रावणात असंच बंद पडलं, काढून बघितलं तर स्लॉटात बसणाऱ्या सोनेरी पट्टीवर काळपट थर. मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच स्लॉटचा खटका दाबून कार्ड सरळ ओढा, हिसका नको. पट्टी खोडरबरने अगदी हलक्या हाताने पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पूर्ण वाळू द्या. रॅमच्या (मेमरीच्या) पट्टीलाही हेच.

तरी नाही? प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स, म्हणजे चित्र दाखवायची सोय, असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला लावा, चित्र आलं तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून बघा, तिथे चाललं तर दोष तुमच्या स्लॉटात किंवा पॉवर सप्लायमध्ये.