मोठ्या फाइलनंतर कॉम्प्युटर रांगायला लागला? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

शिवजयंतीच्या आदल्या रात्री शाहूपुरीतल्या एका फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "दादा, मशिन पार बसलंय. पहाटे बोर्ड चढवायचाय. फॉरमॅट मारून टाकू काय?"

"कशाला हात लावू नकोस. आलोच."

जाऊन बघितलं तर माउसचा बाण हलत होता, पण क्लिक केलं की दहा-दहा सेकंद काहीच नाही. फोटोशॉप सकाळपासून उघडंच होतं. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९७ टक्के, डिस्क १०० टक्के आणि सीपीयू जेमतेम १५. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता. सी ड्राइव्हची पट्टी लाल, जागा उरलेली फक्त ३ जीबी.

पहिली चूक इथेच होते. हे तीन आकडे न बघताच लोक उपचार सुरू करतात. कुणी क्लीनर सॉफ्टवेअर टाकतो, कुणी रॅम विकत आणतो, कुणी थेट फॉरमॅट. मेमरी ६० टक्क्यांवर असताना रॅम वाढवली तर पैसे पाण्यात. मशिन अडकलंय तेव्हाच टास्क मॅनेजर बघा. सगळं सुरळीत झाल्यावर बघून काही कळत नाही.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा भरला की प्रत्येक डबा कोठीत ठेवायचा आणि लागला की परत आणायचा. विंडोज हेच करतं, रॅममधला माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं. फोटोशॉप त्याशिवाय काम चालू असताना लागणारी स्वतःची वेगळी तात्पुरती फाइल, म्हणजे स्क्रॅच फाइल, बनवतं, आणि ती सहसा सी ड्राइव्हवरच असते. दोघांना मिळून ३ जीबी! दुसरं काय होणार?

आता फाइल बघितली. बोर्ड १० बाय ८ फुटांचा आणि रिझोल्यूशन ठेवलेलं इंचाला २०० पिक्सेल. हिशोब करा: २४,००० गुणिले १९,२०० पिक्सेल, म्हणजे सुमारे ४६ कोटी. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण बोर्ड भरणारा एकच लेयर १.८ जीबीच्या वर जातो. असे पाच-सहा लेयर आणि वर हिस्टरी, म्हणजे मागे जाता यावं म्हणून जपलेले आधीचे बदल. तोच बोर्ड ७२ वर केला तर लेयर २४० एमबीच्या आत बसतो. चौकात वीस फुटांवरून बघणाऱ्याला यातला फरक दिसत नाही. फ्लेक्सच्या धंद्यातल्या निम्म्या 'स्लो' तक्रारी मला इथेच सुटताना दिसतात. ३०० चा आग्रह लग्नपत्रिकेला ठेवा, बोर्डाला नको. ३०० वर १० फुटांची रुंदी ३६,००० पिक्सेल होते आणि फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० च्या पुढे जातच नाही.

त्या रात्री आम्ही काय केलं, तो क्रम महत्त्वाचा आहे. आधी डाउनलोड्समधले जुने व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवून सी वर जागा केली. मग फाइल सेव्ह केली. उलटं करू नका, कारण जागा नसताना सेव्ह मारलं की 'स्क्रॅच डिस्क भरली' असं सांगून फोटोशॉप सेव्हच करत नाही. घाईत बंद केलं तर दिवसभराचं काम गेलं. सेव्ह झाल्यावर फोटोशॉप पूर्ण बंद केलं. नुसती फाइल बंद करून भागत नाही. एकदा घेतलेली मेमरी ते स्वतः बंद होईपर्यंत बहुतेक धरूनच ठेवतं, ती त्याची रीतच आहे. त्यानंतर आधी क्रॅश झालेल्या वेळच्या 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या फाइल्स उडवल्या. स्क्रॅच डिस्क डी वर दिली आणि रीस्टार्ट केलं.

रीस्टार्टच, शटडाउन नव्हे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठतो. "रोज बंद करतो की दादा" म्हणणाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते, बघा, वीस-वीस दिवस दिसतात.

मोठी फाइल कॉपी केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये 'कॅश्ड'चा आकडा फुगलेला दिसला तर घाबरू नका. मोकळी रॅम विंडोज वापरून घेतं आणि दुसऱ्या प्रोग्रामला लागली की सोडतं. ती रिकामी करणारी 'बूस्टर' सॉफ्टवेअर टाकू नका.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांची अडचण वेगळी. १५०-२०० जीबी एकदम स्वस्त एसएसडीवर ओतले की सुरुवातीला वेग सेकंदाला ४००-५०० एमबी आणि मग अचानक धडाम खाली. एसएसडीचा वेगवान भाग छोटा असतो, तो भरला की संथ भागावर थेट लिहावं लागतं. बिघाड नाही, थोडा वेळ द्या. १५-२० टक्के जागा कायम मोकळी ठेवा आणि एसएसडीला डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करत बसू नका. साध्या हार्डडिस्कवर कॅमेऱ्याची दोन कार्डं एकदम कॉपीला लावू नका, डिस्कवर लिहिणारा हेड दोन्हीकडे पळत राहतो. एकामागून एक केलं तर लवकर आटोपतं.

कॅबिनेटमधली धूळ उन्हाळ्याआधी काढून घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

एक चूक मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. एका ताईंचा लॅपटॉप फोटोंचं फोल्डर उघडलं की अडकायचा, हार्डडिस्क टकटक आवाज करायची. कुणीतरी 'व्हायरस असेल' म्हणून फॉरमॅट मारून दिला. वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांचे फोटो त्यात होते. माझ्याकडे आला तेव्हा डिस्कच दिसत नव्हती. ताई समोर बसून होत्या आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. डिस्क ठराविक फाइलवरच अडकत असेल, आवाज येत असेल, तर ती मरायला टेकलेली असू शकते. डीफ्रॅग नको, डिस्कच्या चुका तपासणारं विंडोजचं चेकडिस्कही नको. आधी सगळ्यात मोलाचे फोटो दुसरीकडे घ्या, मग क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तब्येत बघा. पिवळं 'कॉशन' दिसलं की डिस्क बदला.

शाहूपुरीतला बोर्ड पावणेदोनला प्रिंटला गेला. पोरानं सगळ्यात आधी नवीन फाइलचं रिझोल्यूशन ७२ करून ठेवलं.