नको तेव्हा रीबूट, हवं तेव्हा ढिम्म

स्वतःचं छोटंसं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहायला घेतलं, तेव्हा पहिले काही आठवडे ते माझ्या मनाविरुद्ध रीबूट होत होतं. एरर नाही, काही नाही. स्क्रीन लुकलुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. इंटरप्ट टेबलचा, म्हणजे कोणत्या इंटरप्टला किंवा फॉल्टला (प्रोसेसरला आलेल्या अडचणीला) कोणता कोड चालवायचा त्या तक्त्याचा, पत्ता मी चुकीचा दिला होता. फॉल्ट हाताळताना दुसरा फॉल्ट, तो हाताळताना तिसरा, की प्रोसेसर हात टेकतो आणि मदरबोर्ड त्याला रीसेट करतो. याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात. नवख्यांनो, क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) पहिल्या दिवसापासून 'नो-रीबूट' पर्याय देऊनच चालवा. मग ते गोल गोल फिरत न बसता तिथेच बंद होतं, आणि लॉगमध्ये कारण शोधता येतं.

पुढे मला खरोखरच रीबूट हवं होतं, तर जमेना! एक्स-८६ (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या पीसीतल्या) प्रोसेसरला 'रीसेट हो' सांगणारी थेट सूचनाच नाही. रीसेटची तार बाहेरून कुणीतरी ओढावी लागते, आणि हे काम होतं चक्क कीबोर्ड कंट्रोलरकडे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमधला ८०२८६ प्रोसेसर एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये (मेमरीला संरक्षण देणाऱ्या नव्या पद्धतीत) शिरला, की रीसेटशिवाय रिअल मोडमध्ये (जुन्या, बिनसंरक्षणाच्या पद्धतीत) परतत नसे. म्हणून ८०४२ या कीबोर्ड कंट्रोलरची एक पिन रीसेटला जोडली. पोर्ट (उपकरणाशी बोलायचा क्रमांक) हेक्स ६४ वर हेक्स एफई लिहा, झालं (हेक्स म्हणजे सोळा-आधारी अंक). जुगाडच, पण टिकला.

क्यूईएमयूत हे लगेच चाललं. माझा जुना लॅपटॉप मात्र ढिम्म.

मग लिनक्सची एक्स-८६ साठीची रीबूटची फाइल उघडली. ती लहान आहे, जरूर वाचा. आधी एसीपीआयच्या (हार्डवेअर आणि वीज सांभाळायच्या मानकाच्या) तक्त्यात दिलेलं रीसेट रजिस्टर, मग कीबोर्ड, पुन्हा एसीपीआय, पुन्हा कीबोर्ड, नंतर ईएफआय (मशीनचं फर्मवेअर)... एक दार उघडलं नाही तर पुढचं. आणि या दारांमध्ये एक ट्रिपल फॉल्टचंही! इंटरप्ट टेबल मुद्दाम रिकामं करायचं आणि इंटरप्ट द्यायचा. ज्या चुकीपायी मी रात्री जागवल्या, ती इथे रीतसर पद्धत म्हणून बसलेली. त्याच फाइलमध्ये हट्टी मशीनांची एक यादीही आहे, कुणाला कोणती पद्धत लागते त्याची.

माझ्या लॅपटॉपवर शेवटी चिपसेटचं रीसेट पोर्ट, हेक्स सीएफ९, चाललं: त्यावर आधी २ लिहायचे, मग ६.