म्हैस गाभडली होती का? तापाच्या रुग्णानं डॉक्टरांना आधी सांगायची गोष्ट

पंचगंगेचं पाणी उतरू लागलं, की आपल्याकडं म्हशी व्यायचे दिवस सुरू होतात. श्रावण-भाद्रपदापासून पार थंडीपर्यंत करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी, कुठल्याही गावात रात्री परड्यात उजेड दिसला, तर म्हैस व्यायलीय नाहीतर अडलीय. दुधाचा पैसा याच दिवसांत घरात येतो. आणि जनावराकडून माणसाला होणारा एक चिवट ताप अंगात शिरतो तोही बहुतेक याच दिवसांत. त्याचं नाव ब्रुसेलोसिस. गोठ्यात याला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणून ओळखतो. तो माणसालाही होतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पन्हाळ्याच्या बाजूला एका म्हशीची जार, म्हणजे वार, अडकली म्हणून रात्री बोलावणं आलं. आठव्या महिन्यात गाभडलेली, म्हणजे गाभ टाकलेली म्हैस. पिशवीतले हातमोजे संपले होते, मालक काकुळतीला आला होता. मी बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात घातला. करंगळीच्या नखाजवळ उसाच्या पाल्यानं चिरलेलं होतं, ते त्या वेळी आठवलंही नाही. तीनेक आठवड्यांनी ताप सुरू झाला. सकाळी बरं वाटायचं, दिवे लागणीला अंग तापायचं, रात्री इतका घाम की बनियन पिळून काढावा. कंबर आणि मांडीचा सांधा असा धरायचा, की मोटारसायकलवर टांग टाकवत नव्हती. एका दवाखान्यात टायफॉइड म्हणून औषध झालं, दुसरीकडं टीबीच्या तपासण्या झाल्या. ब्रुसेलोसिस आहे हे कळेपर्यंत दोन महिने गेले. बाहेरचं पाणी प्यालात का, प्रवास केलात का, हे सगळ्यांनी विचारलं. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही त्या रात्रीबद्दल बोललो नाही. जनावरांचा डॉक्टर असून मला ते सुचलं नाही, तर धारा काढून, शेण-घाण करून, पोरांचे डबे भरून दवाखान्यात आलेल्या वहिनीला कसं सुचावं? म्हणून हे लिहितोय.

या तापाला स्वतःचा असा चेहरा नाही. ताप चढ-उतार करतो, घाम येतो, भूक जाते, सांधे आणि कंबर दुखते, माणूस गळून जातो. पुरुषांत कधीकधी वृषणाला सूज येते. गरोदर बाईचा गर्भ जाण्याचा धोका असतो. पण यातलं बरंचसं टायफॉइडमध्येही दिसतं, टीबीतही दिसतं. डॉक्टरांच्या मनात ब्रुसेलोसिसची शंका येते ती रुग्णाच्या कामावरून. त्यामुळं ताप आठवड्याच्या वर रेंगाळला, की केसपेपर निघताच पुढच्या गोष्टी तुम्ही होऊन सांगा.

आधी गोठ्यातलं. मागच्या सहा महिन्यांत घरच्या, शेजारच्या किंवा भावकीतल्या कुठल्या म्हशीनं, गाईनं, शेळीनं गाभ टाकला का? तुम्ही तिथं हात लावला का? सहा महिने अशासाठी, की लागण झाल्यावर ताप बहुधा एक ते चार आठवड्यांत येतो, पण कधीकधी पाच-सहा महिनेही दबा धरून बसतो. गाभडलेलं वासरू उचलणं, जार ओढणं, ती जागा उघड्या हातानं धुणं, ही सगळ्यात मोठी जोखीम. गाभासोबत पडणाऱ्या पाण्यात आणि जारेत जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला चीर असेल किंवा डोळ्यात-तोंडात शिंतोडा उडाला असेल, तर तेही सांगा. त्या वेळी बाजूला बॅटरी धरून उभा असलेला पोरगासुद्धा यात मोजायचा.

मग दूध. कच्चं दूध पिता का, हे डॉक्टर विचारतीलच असं नाही. आपलं शहर तालमींचं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास हातात मिळतो, त्याचं कोल्हापूरकराला केवढं कौतुक आहे हे मी जाणतो. पैलवानाच्या खुराकात धारोष्ण दूध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पण धारोष्ण म्हणजे म्हशीच्या अंगाइतकं गरम, 38-39 अंश. एवढ्या उबेत हा जंतू सुखानं जगतो. तो मारायला 63 अंशांवर अर्धा तास किंवा 72 अंशांवर 15 सेकंद लागतात. घरी चांगली उकळी येऊन दूध वर चढलं, की प्रश्न मिटतो. म्हैस दिसायला धडधाकट असली, गाभडून पुढच्या खेपेला नीट व्यायली असली, तरी तिच्या दुधातून जंतू येत राहू शकतात. म्हणून “आमची म्हैस चांगली आहे” हे उत्तर इथं चालत नाही. कच्च्या दुधाला लावलेलं विरजण आणि त्याचं लोणी, तेही सांगायचं. शिजवलेल्या खरवसाची आणि कढवलेल्या तुपाची चिंता नको. चीक मात्र कच्चा चाखू नका.

तिसरी गोष्ट मेंढरांची. शेतात खतासाठी मेंढरं बसवली असतील, विणाऱ्या मेंढीला किंवा शेळीला हात दिला असेल, तर ते वेगळं सांगा. शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला, म्हणजे या रोगाचा जंतू, माणसाला म्हशीच्या ब्रुसेलापेक्षा जास्त जोरात धरतो. खाटीककाम करणारे, लस टोचणारे, रक्ताचे नमुने तपासणारे यांनीही आपलं काम सांगावं. ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली, तर ताप यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नुसतं उकळलेलं दूध पिणारा आणि गोठ्याकडं न फिरकणारा माणूस या यादीत जवळजवळ येतच नाही. माणसाकडून माणसाला हा रोग क्वचितच जातो, तेव्हा आजाऱ्याचं ताट-वाटी वेगळं काढायची गरज नाही.

डॉक्टरांना शंका आली तर रक्ताची तपासणी होते. लॅबमध्येही “जनावराचा ताप असावा” हे सांगून ठेवा. नमुना हाताळणाऱ्यालाही या जंतूची बाधा होऊ शकते आणि कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) जास्त दिवस ठेवावं लागतं. औषध निम्म्यात सोडायचं नाही. सहसा दोन औषधं मिळून सहा आठवडे चालतात. पंधरा दिवसांत ताप जातो, तरतरी येते आणि माणूस गोळ्या बंद करतो. ताप उलटतो तो त्यामुळंच. पोटुशी असाल तर ते आधी सांगा, औषध बदलावं लागतं.

पुराच्या पाण्यात किंवा भाताच्या चिखलात उभं राहून काम झालं असेल आणि एकाएकी ताप, पोटऱ्यांत न सोसवणारी दुखी, लाल डोळे असं झालं, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून तो पाण्यात उतरतो. त्यात एक दिवसही घालवू नका. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर थेट मोठा दवाखाना.

आता गोठा. प्रत्येक गाभडणं या रोगानंच होतं असं नाही. पण पाचव्या महिन्यानंतर गाभ गेला आणि जार अडकली, तर तपासणी होईपर्यंत तो हाच रोग आहे असं धरून वागा. म्हैस वेगळी बांधा. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे व्यायच्या आधीच घरात आणून ठेवा, पशुवैद्यकाकडं मिळतात. नाही मिळाले, तर जार ओढू नका, 1962 या जनावरांच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावा. जार पोत्यात घालून वडाच्या फांदीला टांगायची रीत आपल्याकडं अजून आहे. वडाला चीक असतो, तसं म्हशीला दूध यावं ही त्यामागची माया. पण कावळे ते पोतं फाडतात, खाली पडलेलं कुत्री गावभर ओढतात, आणि एका गोठ्यातला जंतू पाच परड्यांत जातो. गाभडलेलं वासरू आणि जार ओढ्यात, कालव्यात, उकिरड्यावर टाकू नका. विहिरीपासून लांब चार फूट खड्डा काढा, वर-खाली चुना टाका, माती दाबा. जागा ब्लीचिंग पावडरनं धुवा. हात साबणानं घासल्याशिवाय पदराला पुसू नका आणि चुलीकडं जाऊ नका. पोटुशी बाई आणि लहान मुलं त्या वेळी गोठ्यात नकोत.

जनावराला या रोगावर खात्रीचं औषध नाही. गाभडलेली म्हैस गुपचूप बाजारात उभी केली, की ती दुसऱ्याच्या दावणीला रोग घेऊन जाते, आणि घेणारा आपल्यासारखाच कर्ज काढून आलेला असतो. रक्त तपासून घ्या, मग ठरवा. ज्या रेड्याकडं म्हशी दावता त्याचंही रक्त तपासून घ्या, नाहीतर कृत्रिम रेतन करा.

लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतासोबत हीही लस आहे. गाभण जनावराला ती देत नाहीत, गाभ जाऊ शकतो. रेडकाला चार महिने पुरे झाले, की दूध संस्थेच्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करून पशुधन पर्यवेक्षकाला कळवा. त्याच कॅलेंडरवर कुठली म्हैस कधी गाभडली आणि हात कुणी घातला, हेही लिहून ठेवा. पुढं ताप आला, तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढं धरा.