टायरसाठी स्वस्त आणि खरोखर काम करणारा क्लीनर कसा निवडावा

गाडी धुऊन लख्ख होते, पण टायर तपकिरी आणि मळकटच राहतात. मग बहुतेक जण टायर पॉलिशची बाटली आणतात. टायर काळेभोर होतात आणि आठवड्याभरात पहिल्यापेक्षा जास्त मळके दिसू लागतात. टायर काळा करणं वेगळं आणि टायर स्वच्छ करणं वेगळं. मळाच्या थरावर पॉलिश लावलं की ते रबराला नाही, मळाला चिकटतं, आणि त्याच्या चिकटपणावर नवी धूळ बसते. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी क्लीनरवर करा.

तो तपकिरी रंग नुसता धुळीचा नसतो. हवेतल्या ओझोनमुळे रबराला बारीक भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायर बनवतानाच रबरात संरक्षक रसायनं मिसळतात. ६पीपीडी हे त्यातलं सर्वाधिक वापरात असलेलं. हे रसायन आतून हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतं, तिथे ओझोनशी त्याची क्रिया होते आणि मागे तपकिरी थर उरतो. म्हणजे टायर खराब झालाय असं समजायचं कारण नाही, उलट संरक्षण चालू असल्याची ती खूण आहे. या थरावर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन, रस्त्यावरचं तेल आणि ब्रेकची पूड बसते. टायर अगदी नवा असेल तर साच्यातून सहज सुटावा म्हणून वापरलेल्या द्रवाचा अंशही असतो. हे बरंचसं तेलकट असतं. गाडीचा शॅम्पू मुद्दाम सौम्य केलेला असतो, रंगाला आणि वॅक्सला धक्का लागू नये म्हणून. त्यामुळे कितीही फेस केला तरी तो या थरापुढे कमी पडतो.

आधी घरातल्या वस्तू

टायरला कधीच पॉलिश लावलेलं नसेल आणि त्रास फक्त चिखलाचा असेल, तर नवं काही विकत आणायची गरज नाही. कोकणातली लाल माती असो की विदर्भ-मराठवाड्यातली काळी चिकण माती, ती आधी पाण्याने भिजू द्या, मग भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून ब्रशने घासा. पुष्कळ गाड्यांचं काम एवढ्यावर भागतं. घासून, धुऊन, वाळल्यावरही तपकिरी झाक राहिली तरच क्लीनरचा विचार करा.

घरातल्या काही गोष्टी मात्र टायरजवळ नेऊच नका. डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांनी मळ झटकन निघतो आणि टायर काळाही दिसतो, म्हणून काही वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालच्या बाजूला मारलेला डिझेलचा फवारा टायरवरही मारतात. पण हे द्रव रबरात मुरतात, रबर फुगवतात आणि त्यातले उपयोगी घटक ओढून घेतात. तुमच्या टायरवर कोणी तसं करत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. संडास साफ करायचं ॲसिड रिम, नट आणि ब्रेकच्या धातूला खातं. ब्लीचनेही रबराचं भलं होत नाही. तारेचा ब्रश आणि भांड्यांची लोखंडी घासणी यांनी टायरच्या बाजूच्या भिंतीवर ओरखडे पडतात. लिंबू आणि व्हिनेगर निरुपद्रवी वाटतात, पण तेलकट थरावर त्यांचा फारसा उपयोग नाही.

लेबलवर काय पाहायचं

आपल्याला हवा तो पाण्यात बनवलेला, अल्कधर्मी क्लीनर. अल्कली तेलकटपणा सोडवते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. बाटलीवर ‘वॉटर-बेस्ड’, ‘नॉन-ॲसिडिक’ असे शब्द शोधा. ‘टायर क्लीनर’ असंच नाव असलं पाहिजे असं नाही. कार डिटेलिंगवाले ज्याला एपीसी, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर म्हणतात, तो टायरवर छान चालतो. शिवाय पातळ करून दरवाजाच्या कडा, पायाखालचे रबरी मॅट आणि बॉनेटखालचं प्लास्टिकही त्यानेच साफ होतं. माझ्या मते कमी खर्चात काम करू पाहणाऱ्याने हाच घ्यावा.

घटकांमध्ये पेट्रोलियम डिस्टिलेट, म्हणजे डिझेल-रॉकेलच्याच जातीचा द्रव, दिसलं तर बाटली परत ठेवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड दिसलं तर ती हातातही धरू नका. काही कडक व्हील क्लीनरमध्ये हे असतं आणि त्वचेतून शरीरात शिरून ते गंभीर इजा करतं. ज्या बाटलीवर घटक, पातळ करण्याचं प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीच नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

अलॉय व्हील असतील तर आणखी एक काळजी. तीव्र अल्कली उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पाडते. रंग किंवा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, शाबूत असलेल्या अलॉयला सहसा काही होत नाही, पण लॅकर सोललेला असेल किंवा रिम पॉलिश केलेल्या धातूची असेल तर क्लीनर फवारू नका. तो ब्रशवर घेऊन फक्त रबरावर लावा. लोखंडी रिम आणि व्हील कॅप असलेल्या गाडीला ही चिंता कमी. फवारल्यावर जांभळे होणारे आयर्न रिमूव्हर ब्रेकच्या लोहकणांसाठी असतात, टायरच्या तपकिरी थरासाठी नव्हे. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

बाटलीची नाही, एका धुण्याची किंमत काढा

दुकानात आपण बाटलीवरचा आकडा पाहतो आणि तिथेच फसतो. एका टायरला साधारण ४० मिली तयार द्रव लागतो असं धरू, म्हणजे चार टायरना १६० मिली. आता उदाहरणादाखल दोन बाटल्या घ्या. पहिली थेट फवारायची, ५०० मिली, २४० रुपयांना. ती तीन वेळा पुरेल, म्हणजे एका धुण्याला ८० रुपये. दुसरी कॉन्सन्ट्रेट, तीही ५०० मिली, पण ४५० रुपयांना. एकास चार या प्रमाणात पाणी घातलं की तिचे अडीच लिटर होतात आणि ती पंधरा वेळा पुरते, म्हणजे एका धुण्याला ३० रुपये. महाग दिसणारी बाटली निम्म्याहूनही स्वस्त पडली. भाव गावागणिक बदलतील, हिशोब हाच राहील.

सोसायटीतल्या चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून कॉन्सन्ट्रेटचा पाच लिटरचा कॅन घेतला तर खर्च आणखी उतरतो. वाटून घेताना मात्र तो पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांत कधीही भरू नका. प्रत्येक बाटलीवर ठळक नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

ब्रशवर कंजुषी करू नका. अर्धं काम द्रव करतो आणि अर्धं ब्रश. ताठ नायलॉनचा, हातात नीट बसणारा ब्रश हवा. फरशी घासायचा प्लास्टिकचा ब्रशही चालतो, पण तो टायरसाठीच राखून ठेवा. त्यात अडकलेले कण गाडीच्या पत्र्याला लागले तर रंगावर ओरखडे उठतील.

पहिल्यांदा वापरताना

गाडी सावलीत लावा आणि टायर, ब्रेक थंड होऊ द्या. गरम टायरवर द्रव लगेच सुकतो आणि डाग राहतात. हातमोजे घाला. एका वेळी एकच टायर घ्या.

नवा क्लीनर पारखायचा असेल तर मागच्या टायरच्या अर्ध्या भागावर तो लावा आणि उरलेला अर्धा भांड्यांच्या लिक्विडने घासा. धुऊन वाळल्यावर दोन्ही भाग सारखेच दिसले, तर तुम्हाला क्लीनरची गरज नव्हती.

टायर आधी पाण्याने भिजवून सुटी माती काढा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल टायरला चिकटवू नका, फूटभर तरी लांब धरा. मग क्लीनर फवारा, अर्धा-एक मिनिट थांबा, पण सुकू देऊ नका. आता गोल फिरत घासा. अक्षरांच्या खोबणीत आणि रिमला लागून असलेल्या कडेला जरा जास्त वेळ द्या. तपकिरी फेस येईल. धुवा आणि पुन्हा तेच करा. फेस पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही. जुनं पॉलिश साचलेलं असेल तर पहिल्या वेळी तीन-चार फेऱ्या लागतील, द्रवही जास्त जाईल. पुढच्या वेळी एक फेरी पुरते. पाण्याची टंचाई असेल तर पाइपऐवजी बादली आणि मगा वापरा, चारही टायर त्यात होतात. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा, फडकं जवळजवळ स्वच्छ राहिलं की झालं.

स्वच्छ टायर गडद आणि मंद काळा दिसतो, चमकत नाही. तो तसाच ठेवला तरी काही बिघडत नाही. पॉलिश हवंच असेल तर दुधासारखं पांढरं, पाण्यात बनवलेलं घ्या, टायर पूर्ण वाळल्यावर स्पंजने पातळ लावा आणि दहा मिनिटांनी जादाचं पुसून घ्या. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेक डिस्कवर ते अजिबात लागता कामा नये. स्कूटर-मोटरसायकलच्या टायरला तर कुठेच लावू नका, कारण वळणावर गाडी झुकली की टायरची कडही रस्त्याला टेकते.

इतक्या जवळ बसलाच आहात तर टायरच्या भिंतीवर फुगवटा किंवा काप दिसतो का, तेही पाहून घ्या. मळ निघाल्यावर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटचे चार आकडे वाचता येतात. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गाडी बाहेर काढल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्कवरचं पाणी निघून जाईल.