नवतप्याआधी गाडीच्या लेदर सीटची तयारी

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो 25 मेच्या आसपास. सीटला रंग देण्याचं काम मात्र मार्च सरायच्या आत उरका. 2013 च्या 23 मेला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा तापल्या सीटवर पाण्यात मिसळणारा रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि चट्टे उमटतात.

आधी ड्रायव्हर सीटची दाराकडची कड नीट बघा. उतरताना रोज तिथेच मांडी घासते, जीन्सच्या खिशाची धातूची टिकली तिथेच रुतते. ऊनही त्याच बाजूने येतं. समोरची काच अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते, दाराची साधी काच तेवढी अडवत नाही. सीटच्या मागच्या बाजूला आणि कडांना पुष्कळ गाड्यांत लेदर नसून रेक्झिन असतं, हेही तपासून घ्या. त्यावर लावायचा रंग वेगळा मिळतो.

रंग विकत घ्यायची घाई करू नका. मऊ ब्रश आणि लेदर क्लीनरने एक चौकोन घासून पुसा. फडकं काळपट झालं आणि खालून मूळ रंग उजळला, तर तो नुसता मळ होता, पैसे वाचले. फडक्यावर सीटचाच रंग उतरला, तर वरचा पारदर्शक थर गेलाय. आता रंगाशिवाय इलाज नाही. खोबरेल तेल अजिबात नको. मी एकदा चोळलं होतं, दोन दिवस चमक राहिली, मग धुळीने शिवणी काळ्या पडल्या त्या पडल्याच.

रंगाची छटा हेडरेस्टखालच्या झाकलेल्या भागाशी जुळवू नका. शेजारचा भाग उन्हाने फिका झालेला असतो, त्याच्याशी जुळवा आणि शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण तुकडा रंगवा. मधेच ठिगळ लावलं की ते उठून दिसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने तेलकटपणा काढा, भेगा असतील तर फिलर भरून बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग स्पंजने रंगाचे पातळ थर द्या. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्या. शेवटी वरचा पारदर्शक थर हवाच, नाहीतर पांढऱ्या पँटला रंग लागेल. मग निदान एक दिवस त्या सीटवर कुणाला बसू देऊ नका.

गाडी उभी करताना दाराच्या काचांनाही जाळीचा पडदा लावा, फक्त समोरच्या काचेला चंदेरी सनशेड लावून भागत नाही.